सुनीता विल्यम्स निवृत्त झाल्या, म्हणजे नेमकं काय झालं?

“साठी झाली, रिटायर झाली. त्याच्यात बातमी काय आहे, मॅडम?”

गुडघ्याला शेक घेत पडलेल्या आजोबांनी पेपरची घडी करून पोटावर ठेवली आणि मला विचारलं. आजोबा अजनीच्या लोको शेडमधून निवृत्त झालेले, त्यामुळे साठ हा आकडा त्यांच्या लेखी पक्का. पलीकडच्या पलंगावर आखडलेला खांदा सोडवून घ्यायला आलेल्या काकू म्हणाल्या, “पण मागच्या वर्षी तिला स्ट्रेचरवर नेलं होतं ना जी? उभं बी राहता येत नव्हतं म्हणे.” आजोबांसोबत आलेली आठवीतली नात मोबाइलमधून डोकं वर न काढताच बोलली, “तिथे ग्रॅव्हिटीच नसते ना, म्हणून.”

मी नागपुरात फिजिओथेरपीचं क्लिनिक चालवते. हाडं, स्नायू, तोल आणि वय हेच माझं रोजचं काम. ही बातमी वाचताना मलाही सगळ्यांत आधी तेच दिसलं होतं. त्या सकाळी तिघांना तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं, ते इथे सलग लिहिते आहे.

आधी बातमी. सुनीता विल्यम्स २७ डिसेंबर २०२५ पासून निवृत्त झाल्याचं नासानं २० जानेवारी २०२६ रोजी जाहीर केलं. २७ वर्षांची सेवा, तीन मोहिमा, अंतराळात एकूण ६०८ दिवस, नऊ स्पेसवॉक. स्पेसवॉक म्हणजे अंतराळवीरानं सूट घालून यानाच्या बाहेर पडून केलेलं काम. हे काम त्यांनी ६२ तास ६ मिनिटं केलं. जगातल्या कुठल्याही स्त्रीनं एवढा वेळ यानाबाहेर काढलेला नाही. नासाच्या अंतराळवीरांमध्ये एकूण मुक्कामाच्या यादीतही त्या दुसऱ्या आहेत.

## ही नोकरीच आहे, पण तिला निवृत्तीचं वय नाही

आजोबांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. सुनीता विल्यम्स यांचा जन्म १९ सप्टेंबर १९६५चा, म्हणजे सप्टेंबर २०२५मध्ये त्यांना साठ वर्षं पूर्ण झाली. शिवाय नासाचा अंतराळवीर हा सरकारी पगारी माणूस असतो, हेही खरं. २०२४ साली आठ दिवसांसाठी म्हणून वर गेलेल्या सुनीता नऊ महिने राहिल्या, तेव्हा त्यांना ओव्हरटाइम किती मिळाला अशी चर्चा आपल्याकडेही झाली. मिळाला नाही. अंतराळातला मुक्काम हा सरकारी दौराच धरतात. नेहमीचा पगार चालू राहतो आणि वरखर्चाला दिवसाला पाच डॉलर भत्ता मिळतो. हे ऐकून आजोबा बराच वेळ गप्प होते. दौऱ्याचा भत्ता काय असतो, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

साठीचा मात्र इथे काही संबंध नाही. नासात अंतराळवीरांना निवृत्तीचं ठरलेलं वय नसतं. डॉन पेटिट २० एप्रिल २०२५ला अंतराळातून परतले, त्या दिवशी त्यांचा सत्तरावा वाढदिवस होता. जॉन ग्लेन १९९८ साली शटल या अमेरिकी यानातून गेले तेव्हा ७७ वर्षांचे होते. त्यामुळे वयाचा कागद समोर आला आणि घरी पाठवलं, असं इथे होत नाही.

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो एक साधा हिशेब. २७ वर्षं म्हणजे जवळपास ९,८६० दिवस. त्यातले ६०८ दिवस अंतराळात. शंभर दिवसांतले सहा! उरलेले ९४ दिवस ही बाई जमिनीवर होती. आपण टाळ्या वाजवतो त्या सहा दिवसांना, आणि नोकरी असते ती ९४ दिवसांची.

आजोबांना हे मी त्यांच्याच भाषेत सांगितलं. इंजिन रुळावर धावताना लोकांना दिसतं, पण ते धावावं म्हणून शेडमध्ये जे चालतं ते कुणी पाहायला येत नाही. सुनीता विल्यम्स अमेरिकी नौदलात हेलिकॉप्टर चालवत होत्या, मग टेस्ट पायलट झाल्या. १९९८ साली नासानं त्यांची निवड केली. पहिलं उड्डाण मिळालं डिसेंबर २००६ मध्ये. आठ वर्षं वाट पाहणं झालं. मधल्या काळात १ फेब्रुवारी २००३ला कोलंबिया यान परतताना तुटलं, त्यात कल्पना चावला आणि आणखी सहा जण गेले, आणि शटलची उड्डाणं अडीच वर्षांच्या आसपास बंद राहिली. दुसरी मोहीम संपली २०१२ मध्ये, तिसरी सुरू झाली २०२४ मध्ये. पुन्हा बारा वर्षं.

या वर्षांत त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. २००२ साली समुद्राच्या तळाशी असलेल्या एका छोट्या घरात त्या नऊ दिवस राहिल्या. बंद जागेत, बाहेर पडायची सोय नसताना, मोजक्या माणसांसोबत काम करण्याची ती तालीम होती. रशियातल्या स्टार सिटीत नासाचं काम सांभाळलं, अंतराळवीरांच्या कार्यालयाच्या उपप्रमुख राहिल्या. अलीकडे चंद्रावर उतरण्याचा सराव हेलिकॉप्टरवर करता यावा, ती व्यवस्था उभी करायलाही त्यांनी हात लावला. स्पेसवॉकचा सराव होतो ह्यूस्टनच्या एका प्रचंड तलावात, १२ मीटर खोल पाण्यात. बाहेरच्या एका तासासाठी पाण्यात सहा-सात तास, असं हे प्रमाण सांगतात. नऊ स्पेसवॉकना ते लावून पाहा.

## तिथे गुरुत्वाकर्षण असतं

आता नातीचं. तिची चूक नाही, आपण सगळेच असं समजतो.

अंतराळवीर जिथे राहून काम करतात, ते अंतराळ स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटर वर असतं. नागपूरहून रेल्वेनं भोपाळ जेवढं लांब, तेवढंच. फक्त आडवं न जाता सरळ वर. तेवढ्या उंचीवर पृथ्वीची ओढ संपत नाही. जमिनीवर असते त्याच्या जवळपास ९० टक्के ती तिथेही असते. एवढी उंच शिडी असती आणि तिच्या टोकावर वजनकाटा ठेवून कुणी उभं राहिलं असतं, तर साठ किलोच्या माणसाचं वजन तिथे चोपन्न किलोच्या आसपास भरलं असतं. तरंगण्याचा प्रश्नच नाही.

मग ते तरंगतात कसे? ते पडत असतात. सतत पडत असतात. गच्चीवरून चेंडू समोर फेकला की तो वळत वळत खाली येतो. जोरात फेकला तर दूर जाऊन पडतो. आणि इतक्या जोरानं फेकला की तो जेवढा खाली येतो तेवढीच गोल पृथ्वीही त्याच्याखालून वळत जाते, तर तो पडत राहील पण जमिनीला कधी टेकणार नाही. हा वेग आहे तासाला सुमारे २८,००० किलोमीटर. सीताबर्डी ते विमानतळ हे अंतर एका सेकंदात! स्थानक या वेगानं दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतं, चोवीस तासांत सोळा. स्थानक पडतं आहे, आतली माणसं पडत आहेत, पाण्याचा थेंब पडतो आहे, सगळे एकाच वेगानं. म्हणून कुणाचा भार कुणावर येत नाही. उंच पाळणा खाली येताना पोटात जो गोळा येतो, तो तिथे महिनोन्महिने चालू असतो. या स्थितीला सूक्ष्म गुरुत्व म्हणतात. मी पुढे सोपं म्हणून ‘बिनवजनाची अवस्था’ म्हणेन.

पोरगी लगेच म्हणाली, “म्हणजे ते सहा महिने पाळण्यात बसल्यासारखं?” हो, अगदी तसंच.

## प्लास्टर काढल्यानंतरचा पाय

इथून पुढचं माझ्या रोजच्या पाहण्यातलं आहे.

ज्यांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर काढताना पाहिलं आहे, त्यांना तो पाय आठवेल. पोटरी अर्धी झालेली, कातडी सैल, आणि पेशंटच्या चेहऱ्यावर ‘हा माझाच पाय का?’ असा भाव. काही लागलेलं नसतं, काही सडलेलं नसतं. फक्त त्या पायानं सहा आठवडे अंगाचा भार घेतलेला नसतो. आपलं शरीर काटकसरी आहे. जे वापरात नाही, त्यावर ते खर्च करत नाही. स्नायू आटतो, आणि त्याच्याबरोबर हाडही.

हाड दगडासारखं मेलेलं नसतं, ते रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं नव्यानं बांधलं जातं. चालताना, जिना चढताना, पाण्याची कळशी उचलताना हाडावर जो दाब येतो, तोच बांधणाऱ्या पेशींना ‘इथे भर घाला’ असं सांगतो. बिनवजनाच्या अवस्थेत हा निरोप येणं थांबतं. मोडणारे कामावर, बांधणारे सुट्टीवर. त्यामुळे पुरेसा व्यायाम नसेल तर मांडी, खुबा, कंबर अशा भार वाहणाऱ्या हाडांची घनता अंतराळात महिन्याला एक ते दीड टक्क्यानं घटते. जमिनीवर हाडं ठिसूळ होत चाललेल्या म्हाताऱ्या माणसात एवढी झीज व्हायला साधारण वर्ष लागतं. तिथला एक महिना म्हणजे हाडांसाठी इथलं एक वर्ष. माझ्याकडे खुब्याचं हाड मोडून येणाऱ्या सत्तरीच्या बाया पाहिल्या की हा आकडा मला फार जवळचा वाटतो.

याच्यावर औषध एकच: हाडाला भार द्या. म्हणून स्थानकावर प्रत्येकाला दिवसाला दोन तासांहून अधिक वेळ व्यायामासाठी राखून ठेवलेला असतो. लोखंडी वजनं तिथे काहीच कामाची नाहीत, कारण त्यांनाही वजन नसतं. म्हणून निर्वात नळकांड्यांच्या ताकदीवर चालणारं एक यंत्र आहे, ज्यावर २७० किलोपर्यंतचा जोर लावून बैठका मारता येतात. पळायच्या पट्ट्यावर खांद्यांना आणि कमरेला रबरी पट्टे बांधून माणसाला खाली ओढून धरावं लागतं, नाहीतर पहिल्याच पावलाला तो छताला जाऊन लागेल.

सुनीता विल्यम्स यांच्या तीन मोहिमा शेजारी शेजारी ठेवल्या तर या ज्ञानाचा प्रवासच दिसतो. पहिला मुक्काम २००६-०७ मध्ये, १९५ दिवसांचा. तेव्हा हे नवं यंत्र स्थानकावर पोचलंच नव्हतं, ते २००८च्या शेवटी गेलं. जुन्या यंत्रावर जोर कमी मिळायचा. त्याच मुक्कामात १६ एप्रिल २००७ला त्यांनी बॉस्टन मॅरेथॉन अंतराळातच पळून पूर्ण केली, पट्ट्यांनी बांधलेल्या अवस्थेत, साडेचार तासांच्या आत. लोकांना तो विक्रम वाटला आणि तो होताच. मला मात्र त्यात खांद्यावर घासणारे पट्टे दिसतात, आणि ४२ किलोमीटरभर पायांच्या हाडांना दिला गेलेला तो निरोप: तुमचं काम अजून संपलेलं नाही. दुसरा मुक्काम २०१२ मध्ये १२७ दिवसांचा, तिसरा २०२४-२५ मध्ये २८६ दिवसांचा, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी. नव्या यंत्रावर नेटानं व्यायाम केला, आहार आणि ड जीवनसत्त्व नीट घेतलं तर हाडांची बरीचशी घनता टिकते, हे मधल्या काळात सिद्ध झालं होतं. बरीचशी म्हणते आहे, सगळी नाही. सहा महिन्यांहून लांब राहिलेल्या अंतराळवीरांत हाडाच्या आतली बारीक जाळी परतल्यानंतर वर्षभरातही पूर्ण भरून आलेली नव्हती.

## मग स्ट्रेचर कशाला?

काकूंनी पाहिलेलं दृश्य १९ मार्च २०२५च्या पहाटेचं, आपल्या वेळेप्रमाणे साडेतीनच्या सुमाराचं. फ्लोरिडाजवळच्या समुद्रात ड्रॅगन यान उतरलं आणि सगळ्यांना स्ट्रेचरवर बसवून नेलं. सगळ्यांना, एकट्या सुनीता यांना नाही. अंतराळातून लांब मुक्काम करून परतणाऱ्यांसाठी ती नेहमीची खबरदारी आहे.

याचं कारण पायांत कमी आणि कानात जास्त आहे. गवंडी भिंत सरळ आहे का ते पाहायला ओळंबा सोडतो. आपल्या कानाच्या आतही असाच एक ओळंबा आहे. अतिशय बारीक खडे, जे गुरुत्वाकर्षणानं खाली ओढले जातात आणि मेंदूला ‘खाली’ कुठे ते कळतं. बिनवजनाच्या अवस्थेत तो ओळंबा तरंगत राहतो, काहीच सांगत नाही. थोड्या दिवसांत मेंदू त्याचं ऐकणं सोडून डोळ्यांवर विसंबतो. परत आल्यावर ओळंबा एकदम बोलायला लागतो आणि मेंदू गोंधळतो. मान वळवली की खोली फिरते. चक्कर येणारे पेशंट ज्यांनी हाताळले आहेत त्यांना ठाऊक आहे, अशा वेळी माणसाला उभं करण्याची घाई करू नये.

दुसरं कारण रक्ताचं. खाली ओढणारं काही नसल्यानं वर असताना अंगातलं पाणी छाती आणि डोक्याकडे सरकतं. चेहरा सुजतो, पाय काडीसारखे होतात. जादा पाणी झालं असं समजून शरीर ते बाहेर टाकतं. परतल्यावर तेच पाणी पायांकडे उतरतं आणि डोक्याला रक्त कमी पडतं. मे महिन्यात कूलरच्या खोलीतून तडक उठून उन्हात गेल्यावर डोळ्यांसमोर अंधारी येते, त्याच जातीचा प्रकार, पण कितीतरी पट मोठा. त्यांचे पिकलेले केस आणि उतरलेला चेहरा पाहून तेव्हा खूप लोक हळहळले. हळहळ मला समजते. पण केस वयानं पिकले होते, आणि काही आठवड्यांपूर्वी त्याच बाईनं पंधरवड्यात दोन स्पेसवॉक केले होते.

परतल्यानंतर ४५ दिवस रोज दोन तास व्यायाम, असा नासाचा ठरलेला कार्यक्रम असतो. एका पायावर उभं राहणं, चेंडू झेलणं, जिना, बैठका, ताणाचे व्यायाम. काकूंना मी सांगितलं, तुमचा खांदा आणि त्यांचे पाय, दोघांना रोजचं येणं चुकत नाही.

## किरणांचं पासबुक

हाडं भरून येतात, स्नायू परत येतात. एक हिशेब असा आहे की ज्यात फक्त जमा होत जातं.

एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाच्या खिशाला एक छोटा बिल्ला लावलेला तुम्ही पाहिला असेल. अंगावर किती किरण पडले, हे तो बिल्ला नोंदवतो. मोजायचं माप आहे मिलीसिव्हर्ट. जमिनीवर निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलीसिव्हर्ट मिळतात. छातीचा एक एक्स-रे म्हणजे ०.१ किंवा त्याहून कमी. अंतराळ स्थानकावर दिवसाला साधारण अर्धा मिलीसिव्हर्ट किंवा थोडा जास्त. रोज छातीचे पाच एक्स-रे धरा. कारण पृथ्वीच्या हवेचं जाड पांघरूण तिथे अंगावर नसतं. चुंबकीय क्षेत्राचं छत्र काही प्रमाणात असतं, म्हणून एवढ्यावर भागतं.

६०८ दिवसांचा ढोबळ गुणाकार केला तर आकडा ३०० मिलीसिव्हर्टच्या पुढे जातो. आपल्याकडे किरणांजवळ काम करणाऱ्या माणसाला पाच वर्षांत मिळून १००ची मर्यादा आहे, त्याच्याशी ताडून पाहा. किरणांमुळे कर्करोगाची शक्यता थोडी थोडी वाढत जाते. म्हणून नासानं प्रत्येक अंतराळवीरासाठी संपूर्ण कारकिर्दीची मर्यादा ठरवली आहे: ६०० मिलीसिव्हर्ट.

ही मर्यादा सगळ्यांना सारखी झाली ती २०२२ साली. त्याआधी ती वय आणि लिंग पाहून ठरायची, आणि बायकांना पुरुषांपेक्षा कमी मिळायची, कारण स्तन, फुप्फुस, अंडाशय यांना किरणांचा धोका जास्त धरला जातो. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असा की तेवढीच कसलेली, तेवढीच सक्षम बाई पुरुषाच्या आधी घरी बसायची. अंतराळात सर्वाधिक काळ राहिलेल्या अमेरिकी अंतराळवीर पेगी व्हिटसन यांनी आपली किरणांची मर्यादा गाठल्याचं स्वतःच सांगितलं होतं; त्या २०१८ साली नासातून निवृत्त झाल्या. नवीन नियम करताना ३५ वर्षांच्या स्त्रीला जो धोका, तो आधार धरून सगळ्यांना एकच आकडा लावला. बाईचं माप सगळ्यांचं माप झालं. माझ्या मते ही बातमी कुठल्याही विक्रमापेक्षा मोठी होती, आणि ती फार थोड्या ठिकाणी छापून आली.

सूटचंही तसंच. मार्च २०१९ मध्ये दोन महिलांचा पहिला एकत्र स्पेसवॉक पुढे ढकलावा लागला, कारण मध्यम मापाचे दोन सूट स्थानकावर तयार नव्हते. तो झाला त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला.

## टूथब्रश घेऊन दुरुस्ती

स्पेसवॉक या शब्दात चालणं आहे, पण खरं तर तिथे पाय काही कामाचे नाहीत. सगळं काम हाताच्या पंजांचं. सूटच्या आत हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी ठेवतात. तेवढ्यानंही हातमोजा फुगवलेल्या ट्यूबसारखा ताठ होतो. मूठ मिटायची तर दर वेळी जोर. सात तास हेच करा. एका बाजूला ऊन १२० अंशांचं, सावलीत उणे दीडशे, आणि दर ४५ मिनिटांनी दिवसाची रात्र.

दाब कमी का ठेवतात? पूर्ण ठेवला तर सूट इतका कडक होईल की कोपरच वाकणार नाही. पण दाब एकदम उतरला की रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन बाहेर येतो, सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे. म्हणून बाहेर पडण्याआधी शुद्ध ऑक्सिजन घेत राहून तो नायट्रोजन अंगातून काढून टाकावा लागतो. बाहेरच्या सहा-सात तासांसाठी अख्खा दिवस जातो.

३० ऑगस्ट २०१२. स्थानकाच्या वीजपुरवठ्याचा एक मोठा डबा बदलायचा होता. चार डब्यांतून स्थानकभर वीज वाटली जाते, त्यातला हा एक. आपल्या वस्तीची डीपी समजा. सुनीता विल्यम्स आणि जपानचे अकिहिको होशिदे बाहेर गेले. नवा डबा जागेवर बसेना. बोल्टच्या भोकात धातूचा बारीक कीस अडकला होता. आठ तास सतरा मिनिटं झगडून डबा तात्पुरता बांधून ते आत आले. मग आत बसून जे हाताशी होतं त्यातून हत्यारं जुळवली: तारेचा ब्रश, आणि दांड्याला बांधलेला दात घासायचा ब्रश. ५ सप्टेंबरला पुन्हा बाहेर. भोकं साफ केली, वंगण लावलं, आणि बोल्ट बसला. लायनमन पावसात खांबावर चढून अडलेला स्क्रू ज्या चिकाटीनं सोडवतो, तीच चिकाटी ४०० किलोमीटर वर. अब्जावधी डॉलरच्या त्या घरातली वीज एका टूथब्रशनं सुरळीत झाली, हे सांगितल्यावर आजोबा उठूनच बसले. “हे काम मला समजतं,” म्हणाले.

त्याच महिन्यात सुनीता स्थानकाच्या प्रमुख झाल्या. हे पद मिळालेल्या त्या दुसऱ्या महिला. पहिल्या पेगी व्हिटसन.

## पण त्या तर अडकल्या होत्या ना?

परतायला उशीर झाला हे खरं, पण परतीची वाटच नव्हती असं नाही. ५ जून २०२४ला सुनीता आणि त्यांचे सहकारी बुच विल्मोर बोइंगच्या स्टारलायनर यानातून गेले. त्या यानातून माणसं जाण्याची ती पहिलीच वेळ होती. पृथ्वीला फेऱ्या मारणाऱ्या एखाद्या नव्या यानाच्या अशा पहिल्या उड्डाणावर त्याआधी कुठलीही स्त्री गेली नव्हती. स्थानकाजवळ पोचताना दिशा बदलणाऱ्या २८ छोट्या इंजिनांपैकी पाच बंद पडली, त्यातली चार पुन्हा सुरू झाली. इंधन ढकलायला लागणारा हेलियम वायूही गळत होता. चाचणी उड्डाण याचसाठी असतं, दोष सापडावेत म्हणून. महिनाभराहून अधिक काळ तपासण्या केल्यावर नासानं ठरवलं की माणसांना त्यातून आणायचं नाही. सप्टेंबरात यान रिकामंच परतलं आणि नीट उतरलंही.

नीट उतरलं तर मग त्यांना का नाही आणलं, असं काकूंनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण ज्या कुकरची शिट्टी आणि रबर दोन्हींबद्दल शंका आहे, तो एकदा न फुटता शिजवून गेला म्हणून त्याच्यावर पोरांना वाकून पाहू देत नाही आपण. नासानं चॅलेंजर आणि कोलंबिया या दोन शटलच्या दुर्घटनांत चौदा माणसं गमावली आहेत. दुसऱ्या एका यानातून दोन जागा रिकाम्या ठेवून चौघांऐवजी दोघेच वर गेले आणि त्या जागांवर बसून हे दोघं परतले. मधल्या काळात सुनीता पुन्हा एकदा स्थानकाच्या प्रमुख होत्या. अडकलेल्या माणसाकडे घराच्या किल्ल्या कुणी देत नाही.

## त्या अमेरिकन, आपला काय संबंध?

वडील दीपक पंड्या गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यातल्या झुलासणचे, आई स्लोव्हेनियन वंशाच्या, जन्म अमेरिकेतल्या ओहायोचा. नागरिकत्व अमेरिकेचं, गणवेश अमेरिकेचा, पैसा अमेरिकी करदात्यांचा. हे मान्य करूनच बोलावं. त्यांना ‘आपली मुलगी’ म्हणण्याला माझी हरकत नाही, पण माझ्यासाठी संबंध वेगळा आहे. त्यांच्या आणि त्यांच्यासारख्यांच्या शरीरावरून हाडं, तोल, स्नायू यांच्याबद्दल जे कळलं, ते कुठल्या देशाचं राहत नाही. महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाला लवकर उभं करा, थोडा का होईना भार द्या, हे आम्ही पेशंटच्या घरच्यांना घसा कोरडा करून सांगतो. अंतराळवीरांचे आकडे त्या सांगण्याला बळ देतात. नासा निवृत्त अंतराळवीरांची तपासणीही पुढे आयुष्यभर करत राहते. नोकरी संपली, तरी शरीराची वही चालूच.

## आता पुन्हा जाणारच नाहीत का?

नासाच्या मोहिमेवर नाही. पण दार पूर्ण बंद होतं असंही नाही. पेगी व्हिटसन निवृत्तीनंतर एका खासगी कंपनीच्या मोहिमांवर गेल्या, आणि जून २०२५ मध्ये आपले शुभांशु शुक्ला ज्या मोहिमेवर गेले, तिच्या प्रमुख त्याच होत्या, पासष्टाव्या वर्षी. व्हिटसन यांचा एकूण मुक्काम आता ६९५ दिवसांचा झाला आहे.

नातीचा शेवटचा प्रश्न होता, “ते स्थानक आपल्याला दिसतं का?” दिसतं, नागपुरातूनसुद्धा, दुर्बिणीशिवाय. सूर्य मावळल्यावर तास-दीड तासात किंवा पहाटे उजाडण्याआधी. कुठल्या दिवशी, किती वाजता आणि कुठल्या दिशेनं जाणार, हे नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’ या मोबाइल ॲपवर मिळतं. फुटाळा तलावाच्या काठावर किंवा गच्चीवर जा, जिथे दिव्यांचा उजेड डोळ्यांवर येत नाही. पश्चिमेकडून एक ठळक, पांढरा ठिपका निघतो. विमानासारखा लुकलुकत नाही, ताऱ्यासारखा मिणमिणत नाही. चार-पाच मिनिटांत पूर्वेकडे सरकत जातो आणि बरेचदा आभाळाच्या मधेच, कुठेही न टेकता, विझतो. तो पृथ्वीच्या सावलीत गेलेला असतो. नोव्हेंबर २०००पासून त्या ठिपक्यात कायम कुणी ना कुणी राहत आलं आहे. २०३० नंतर तोही निवृत्त होणार आहे, त्याला प्रशांत महासागरात उतरवायची तयारी सुरू आहे. तोवर पाहून घ्या. शनिवारी संध्याकाळी आजोबा गुडघ्याला पट्टा बांधून तीन जिने चढले, नातीच्या खांद्यावर हात ठेवून.